प्रतिभाताईंची सही

दापोडीचा हॅरिस पूल ओलांडला की खडकी. 2012 च्या एप्रिलमध्ये तिथल्या लष्करी जमिनीवरून वाद पेटला आणि राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी निवृत्तीनंतरचं ते घर नाकारलं. चाकणच्या कंपनी बसमध्ये आजही त्यांचं नाव निघालं की ही जमीन आणि परदेश दौरे, एवढंच ऐकू येतं. फार तर 'पहिल्या महिला राष्ट्रपती' हे कौतुक. मला दोन्ही मापं तोकडी वाटतात. राष्ट्रपतीची खरी परीक्षा सहीत असते.

2006 मध्ये राजस्थानच्या राज्यपाल असताना त्यांनी वसुंधरा राजे सरकारचं धर्मांतरविरोधी विधेयक सही न करता परत पाठवलं. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

राष्ट्रपती भवनात त्यांच्यापुढे आले ते दयेचे अर्ज. कलामांच्या काळात त्यांतले बहुतेक पडूनच राहिले होते. ताईंनी ते हातावेगळे करायला घेतले. तीसहून अधिक जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. फाशीला विरोध असल्यामुळे मला त्याचं समाधानच वाटलं. पण त्यांत लहान मुलींवर अत्याचार करून त्यांना मारणारेही होते. शिवाय 2012 मध्ये ज्यांची फाशी माफ झाली, त्यांतला कर्नाटकातला एक कैदी 2007 मध्येच तुरुंगात वारला होता. मग ती फाइल नीट वाचली कुणी?

हे निर्णय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने होतात, हे खरं. त्यामुळे सगळा दोष एकट्या ताईंचा नाही. कारणं जाहीर करण्याची कायद्याने सक्तीही नाही. पण मी चाकणला कारखान्याच्या कामगार विभागात काम केलं आहे. तिथे साध्या कामगाराला काढायचं तरी आधी चार्जशीट, मग चौकशी, मग कारणांसह लेखी आदेश. मेलेल्या मुलीच्या आईबापांना एवढंही मिळू नये?

ताईंनंतर प्रणब मुखर्जींनी बहुतेक अर्ज फेटाळले. देशाची दया पाच वर्षांत उलटी फिरली आणि त्यावर वादही धड झाला नाही, कारण खोडून काढायला आधीचा युक्तिवादच लोकांपुढे नव्हता. ताईंनी माणसं वाचवली, हे मी जमेला धरतो. ती का वाचवली हे एकेका खटल्यापुरतं तरी त्यांनी देशाला सांगायला हवं होतं. खडकीच्या जमिनीपेक्षा मला ही उधारी मोठी वाटते.