‘गुन्हा कबूल आहे का?’ : एका चांगल्या अहवालात राहून गेलेला प्रश्न

पेटची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, की कोर्टाच्या रेकॉर्डवर पीएचडी होते का? होते. पण रेकॉर्ड काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे आधी कळलं पाहिजे. आज त्यासाठी एक अहवाल उघडून बसूया. तो मला आवडतो, म्हणूनच त्याच्याशी भांडणार आहे.

विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेच्या नेहा सिंघल आणि नवीद अहमद यांनी मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतले 2017 आणि 2018 मधले एनडीपीएस कायद्याखालचे दहा हजारांहून जास्त खटले तपासले. निष्कर्ष सरळ आहे. जवळपास सगळे खटले सेवनाचे, त्यातही बहुतेक गांजाचे, आणि शिक्षा झाली ती आरोपींनी गुन्हा कबूल केल्यामुळे. कायदा आणला तस्करांसाठी आणि सापडतोय चिलीम ओढणारा, ही गोष्ट या अहवालाने आकड्यांत दाखवली. ते काम मोठंच आहे.

माझी अडचण पुढे सुरू होते. कबुली हा निकाल आहे, निवड नाही. निवड समजायची तर त्या माणसापुढे दुसरे कोणते रस्ते होते, हे मांडावं लागतं. निकालपत्रात ते रस्ते नसतात. आरोपीने विचार करून कबूल केलं, की कोणीतरी "दंड भर, मोकळा हो" म्हटलं, रेकॉर्डवर दोन्हींची ओळ एकच.

आता हाच प्रश्न वाशिमला आणा. समजा, मानोऱ्याकडचा एक 22 वर्षांचा मुलगा आहे. पोलीसभरतीची तयारी करतो. त्याच्या खिशात 40 ग्रॅम गांजा सापडला. आधीचा एकही गुन्हा नाही. एक किलोपर्यंतचा गांजा कायद्याने ‘अल्प मात्रा’ आहे, म्हणजे कलम 20 खाली जास्तीत जास्त एक वर्ष सक्तमजुरी, किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सेवनाचं कलम 27 लागलं तर गांजासाठी कमाल सहा महिने, किंवा तेवढाच दंड, किंवा दोन्ही.

घरचे म्हणतील, पहिलीच चूक आहे, साहेब समज देऊन सोडतील. इथे थांबा आणि कलम 33 वाचा. परिवीक्षा कायदा, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची सोय, या कायद्याखालच्या दोषी माणसाला मिळत नाही. अपवाद दोनच: वय 18 च्या खाली असेल, किंवा शिक्षा कलम 26 किंवा 27 खाली असेल. म्हणजे आपला मुलगा कलम 20 मध्ये कबूल झाला की ते दार बंद, आणि 27 मध्ये झाला तर उघडं. खिसा तोच, पुडी तीच. फरक एफआयआरमध्ये कोणता आकडा लिहिला याचा. मुंबईच्या दहा हजार खटल्यांवर बोलताना हा आकडा कोण आणि कसा निवडतो, हाच मला मुख्य प्रश्न वाटतो.

मग उपचाराचा रस्ता. कलम 64अ म्हणतं, की व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेईल, तर सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालणार नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. कलम 39 मध्ये दोषी ठरल्यावर उपचारासाठी सोडण्याची सोय आहे. दोन्हीकडे शब्द एकच, ‘व्यसनी’, आणि कायद्यात त्याचा अर्थ अवलंबित्व असलेला माणूस. दोस्तांसोबत दोनदा ओढलेला मुलगा व्यसनी नाही. म्हणजे ज्याचं कमी बिघडलंय त्याच्यासाठी सवलतही कमी! याच संस्थेने पंजाबवर केलेल्या आधीच्या अभ्यासात 2013 ते 2015 या काळात न्यायालयांनी एकाही व्यसनीला उपचाराकडे पाठवलेलं दिसलं नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी सोय आहे, त्यांनाही ती मिळत नव्हती.

तिसरा रस्ता प्ली बार्गेनिंगचा. भारतात तो 2006 पासून आहे आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आला आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना तो चालतो, म्हणून अल्प मात्रा त्यात बसते. नव्या संहितेत पहिल्या गुन्ह्याला, जिथे किमान शिक्षा ठरलेली नाही तिथे, शिक्षेचा एक षष्ठांश अशी तरतूद आहे. एका वर्षाचा षष्ठांश म्हणजे दोन महिने. आता तुम्हीच हिशोब करा. सरळ कबुली देऊन नुसत्या दंडावर सुटता येत असेल, तर दोन महिन्यांची बोलणी कोण करेल? शिवाय अर्ज आरोप निश्चित झाल्यापासून 30 दिवसांत करायचा. पण एक वर्षाच्या शिक्षेचा खटला समन्स पद्धतीने चालतो, त्यात औपचारिक आरोप निश्चितच करत नाहीत. मग 30 दिवस मोजायचे कुठून? (सिनॉप्सिस शोधणाऱ्यांनो, हे फुकट घेऊन जा.)

उरतो खटला लढण्याचा रस्ता. त्यात हातात काहीतरी असतं: झडती आणि पंचनामा नीट झाला का, नमुना कसा घेतला, वजनात नुसती पानं आणि बिया धरल्या का. कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचा शेंडा. शेंड्याशिवायची पानं आणि बिया गांजा नाहीत. सरळ कबुली दिली की हे सगळे मुद्दे संपतात, कारण अपील फक्त शिक्षेच्या प्रमाणावर किंवा वैधतेवर करता येतं. पण लढायचं म्हणजे अमरावतीच्या प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबायचं, वकिलाची फी, आणि ऐन सोयाबीनच्या सोंगणीत पेशी. दंड एकदाच जातो, मजुरी दर तारखेला बुडते.

हे ओळखीचं वाटतंय? माल्कम फीली या अमेरिकी अभ्यासकाने 1979 मध्ये न्यू हेवनच्या खालच्या न्यायालयावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं, की छोट्या गुन्ह्यांत प्रक्रिया हीच शिक्षा असते. त्याच्या नमुन्यातल्या एकाही आरोपीने ज्युरीपुढचा खटला मागितला नव्हता. आपल्याकडे फीली सगळे उद्धृत करतात, पण तो महिनोन् महिने कोर्टात बसला होता हे विसरतात. विधीचा अहवाल फीलीचा प्रश्न विचारू शकला असता. कागदावरून उत्तर मात्र मिळालं नसतं.

एक गोष्ट मुंबईच्या आकड्यांत अजिबात दिसत नाही. आमच्या मुलाला दंडाची भीती नाही, चारित्र्य पडताळणीची आहे. आज 2,000 रुपये भरून घरी येणं स्वस्त वाटतं, पण ती दोषसिद्धी आहे. उद्या भरतीच्या फॉर्मवर ती लिहावी लागते, आणि पुन्हा सापडला तर कलम 31 मुळे कमाल शिक्षा दीडपट होऊ शकते. कबुली देण्याआधी हे त्याला कोणी सांगितलं का? कोठडीतल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तो वकील कबुलीच्या आधी भेटला की नंतर, हे मात्र निकालपत्रावर लिहिलेलं नसतं.

म्हणून तुम्ही या विषयावर काम करणार असाल, तर ई-कोर्ट्सवरून निकाल उतरवायला सुरुवात करू नका. आधी एखाद्या तालुका न्यायालयात महिनाभर मागच्या बाकावर बसा. तिथे एक प्रश्न आणि एक उत्तर, मिनिटभरही लागत नाही. वही काढून फक्त एवढं लिहा: प्रश्न विचारल्यावर आरोपीने उत्तर देण्याआधी कोणाकडे पाहिलं.