ईश्वरदत्त नीतिमत्त्व आणि त्याचे आचरण : लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे'च्या संदर्भात

प्रस्तावना :

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार बहुधा धर्मांतर या घटनेभोवती केला जातो. धर्मांतरानंतर ती श्रद्धा रोजच्या व्यवहारात कशी जगली गेली, हा प्रश्न मात्र मागे पडतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये आणि लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. ईश्वराने दिलेले नीतिमत्त्व माणसाच्या आचरणात कोणत्या रूपाने उतरते, या दृष्टीने प्रस्तुत लेखात या ग्रंथाचा विचार केला आहे.

संकल्पनेचे स्वरूप :

'नीतिमत्त्व' हा मराठी बायबलमधील शब्द वाचकाची काहीशी दिशाभूल करणारा आहे. व्यवहारात 'नीतिमान' म्हणजे सदाचरणाने तशी योग्यता मिळवलेला मनुष्य. पौलाच्या रोमकरांस पत्रातील अर्थ याच्या उलट आहे. तेथे मनुष्य नीतिमान 'ठरवला' जातो. ती त्याची कमाई नसून कृपेने मिळालेले दान असते. असे असेल तर आचरणाची गरजच काय, असा प्रश्न निर्माण होतो. कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे, असे याकोबाचे पत्र बजावते. मार्टिन ल्यूथरने १६ व्या शतकात कृपेची बाजू आग्रहाने मांडली आणि या प्रश्नावर पाश्चात्त्य ख्रिस्ती जगात फूट पडली. १९९९ मध्ये ऑग्सबर्ग येथे ल्यूथरन व कॅथलिक चर्चनी संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. सत्कृत्ये ही नीतिमान ठरण्याची किंमत नसून त्याचे फळ आहे, ही भूमिका त्यात उभय पक्षांना मान्य झाली. लक्ष्मीबाई या वादाच्या परिभाषेत शिरत नाहीत. परंतु किंमत आणि फळ यांतील भेद त्यांच्या ग्रंथात अनुभवाच्या पातळीवर स्पष्ट दिसतो.

सोवळे : कमावलेले नीतिमत्त्व

ग्रंथाच्या आरंभी लक्ष्मीबाईंनी वडिलांच्या सोवळ्याचे चित्र रेखाटले आहे. १८५७ च्या सुमारास कुटुंबावर कोसळलेल्या आपत्तीनंतर हे सोवळे पराकोटीला गेले आणि त्याचा जाच साऱ्या घराला सोसावा लागला. हे प्रकरण विनोदी म्हणून वाचले जाते, पण त्यातील विनोदाखाली एक कारुण्य आहे. कितीही धुतले तरी शुद्धीची खात्री होत नाही, कारण ती खात्री स्वतःच्याच प्रयत्नांवर अवलंबून असते. स्वतःच्या कर्माने नीतिमान ठरू पाहणाऱ्या माणसाची जी अस्वस्थता पौल आणि ल्यूथर यांनी सांगितली, तिचेच हे कोकणस्थ ब्राह्मण घरातील रूप होय.

लक्ष्मीबाईंनीही हे सोवळे दीर्घकाळ जपले. पुढे जात देवाने निर्माण केली की माणसाने, या प्रश्नाशी त्या स्वतःच झुंजल्या आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निर्णय त्यांनी घेतला. हा निर्णय त्यांच्या बाप्तिस्म्यापूर्वीचा आहे, ही बाब महत्त्वाची ठरते. विधी मागाहून आला. मन आधी मोकळे झाले. कृपा मनुष्याच्या औपचारिक स्वीकाराची वाट पाहत नाही, हा सिद्धान्त येथे उपदेशाशिवाय मूर्त झाला आहे. टिळकांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या 'देवाचा दरबार'मध्ये बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते, त्यामागेही अशीच दृष्टी दिसते.

दोषांसह स्वीकार :

'स्मृतिचित्रे'तील टिळक संत म्हणून उभे राहत नाहीत. ते शीघ्रकोपी आहेत. घरात उद्याची सोय आहे की नाही हे न पाहता हातचे देऊन टाकणारे आहेत. त्यांच्या दातृत्वाची झळ लक्ष्मीबाईंच्या चुलीला लागते आणि त्या ती लपवत नाहीत. पतीच्या धर्मपरायणतेची परीक्षा पत्नीच्या संसारात होते, हे या ग्रंथाचे मोठे नैतिक बळ आहे. विश्वासी मनुष्य एकाच वेळी नीतिमान व पापी असतो, या ल्यूथरच्या भूमिकेचे याहून जिवंत उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

लक्ष्मीबाई स्वतःलाही वगळत नाहीत. स्वतःचे अज्ञान, हट्ट आणि फजिती त्या हसत सांगतात. ज्याला आपले नीतिमत्त्व सिद्ध करायचे असते, त्याला दोष झाकावे लागतात. ज्याला ते दान म्हणून मिळाले आहे, त्याला झाकण्याची गरज उरत नाही. या आत्मचरित्रातील प्रांजळपणा हा केवळ स्वभावविशेष अथवा शैलीविशेष नसून श्रद्धेचेच फळ आहे, असे म्हणता येते. प्लेगच्या छावणीत केलेली रुग्णसेवा असो की अनाथ मुलांना दिलेला आश्रय असो, त्यांच्या निवेदनात पुण्यसंचयाचा सूर कोठेही लागत नाही.

मर्यादा :

तथापि एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. तत्कालीन अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती समाजात महार व मांग समाजांतून आलेल्यांची संख्या मोठी होती. लक्ष्मीबाई त्यांच्यात मिसळल्या, परंतु ग्रंथातील दृष्टी सोवळे सोडणाऱ्या स्त्रीची आहे. ज्यांना ओवळे ठरवले गेले त्यांची नाही. 'तू स्वीकारलेला आहेस' या वचनाचा अर्थ त्यांच्यासाठी अधिक मूलगामी होता. तो अनुभव आतून सांगणारा आवाज या ग्रंथात नाही. एकट्या 'स्मृतिचित्रे'वरून मराठी ख्रिस्ती अनुभवाचे सर्वसामान्य निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे ठरेल.

समारोप :

नीतिमत्त्व हे दान मानल्यास आचरण शिथिल होते, हा आक्षेप 'स्मृतिचित्रे'तून खोडला जातो. दान स्वीकारल्यावर लक्ष्मीबाईंचे आचरण सैल पडले नाही. त्यातील भीती आणि अहंता तेवढी गळून पडली. वडिलांच्या घरात स्पर्शाचे भय होते. लेकीच्या घराचे दार परक्यांसाठी उघडे राहिले. ईश्वरदत्त नीतिमत्त्वाचे आचरण म्हणजे काय, याचे उत्तर या दोन घरांमधील अंतरात सापडते.