अनामत आणि नियंत्रण कक्ष : इंदूरच्या स्मार्ट शहर प्रतिमानाची चिकित्सा

सारांश : डिजिटल व्यवस्था सुरक्षित असणे आणि ती विश्वासार्ह असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सुरक्षितता हा यंत्रणेचा गुण आहे, तर विश्वास हे यंत्रणा आणि नागरिक यांच्यातील नाते आहे. इंदूरला मिळालेल्या यशाची आणि तेथील दोन दुःखद प्रसंगांची चर्चा करून प्रस्तुत लेखात या नात्याची तपासणी केली आहे.

प्रस्तावना

केंद्र शासनाने 25 जून 2015 रोजी स्मार्ट सिटीज मिशनचा आरंभ केला. जानेवारी 2016 मध्ये निवडलेल्या पहिल्या 20 शहरांत इंदूरचा समावेश होता. पुढे 100 शहरांपर्यंत विस्तारलेले हे मिशन 31 मार्च 2025 रोजी संपले. त्यामुळे आता त्याचे मूल्यमापन घोषणांवरून न करता अनुभवावरून करता येते.

इंदूर हे होळकरांच्या राजधानीचे शहर असून मराठी भाषकांची तेथे पिढ्यान्‌पिढ्या वस्ती आहे. महाराष्ट्रातील महापालिकांपुढे त्याचा आदर्श वारंवार ठेवला जातो आणि त्याला आधारही आहे. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर सातत्याने अग्रस्थानी राहिले. घरोघरी फिरणाऱ्या कचरागाड्यांवर जीपीएसद्वारे लक्ष ठेवणे, 'इंदूर 311' या ॲपवर तक्रारी घेणे, नियंत्रण कक्षातून सेवांची देखरेख करणे अशा व्यवस्था तेथे उभ्या राहिल्या. 2020 चा स्मार्ट शहर पुरस्कार इंदूरला सुरतेसह विभागून मिळाला, तर 2022 च्या स्पर्धेत ते देशातील सर्वोत्तम स्मार्ट शहर ठरले. हे यश नाकारण्याचे कारण नाही. मात्र या यशाने कोणता प्रश्न झाकला गेला, हे पाहणे चिकित्सकाचे कर्तव्य आहे.

यादीतील क्रम

मिशनच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये स्मार्ट शहराची सर्वमान्य व्याख्या नाही, हे प्रारंभीच मान्य केलेले आहे. व्याख्येऐवजी तेथे दहा मूलभूत सुविधांची यादी येते. तिच्यात पुरेसा पाणीपुरवठा पहिल्या क्रमांकावर, तर माहिती तंत्रज्ञान व डिजिटलीकरण सहाव्या क्रमांकावर आहे. नागरिकांच्या सहभागासह सुशासन त्याच्या पाठोपाठ येते. प्रत्यक्षात स्मार्ट शहराची ओळख बनला तो नियंत्रण कक्षातील भिंतभर पसरलेला पडदा. मंत्री, परदेशी पाहुणे आणि अभ्यास दौरे यांना दाखविण्याजोगी वस्तू तीच होती. जमिनीखालची जलवाहिनी कोणाला दाखविता येत नाही.

दुसरा दोष रचनेचा आहे. प्रत्येक शहरात मिशन राबविण्यासाठी कंपनी कायद्याखाली विशेष हेतू कंपनी स्थापन करण्यात आली. निर्णय जलद व्हावेत हा त्यामागील उद्देश होता; परंतु निर्णयाचे केंद्र निर्वाचित सभागृहापासून दूर गेले. इंदूरमध्ये तर 2020 च्या प्रारंभी महापालिकेची मुदत संपल्यानंतर जुलै 2022 मध्ये निवडणूक होईपर्यंत निर्वाचित परिषदच नव्हती. 2020 चा पुरस्कार जाहीर झाला तो याच काळात, जून 2021 मध्ये. ज्या मूल्यमापनात निर्वाचित सभागृहाची अनुपस्थिती आड येत नाही, त्यात नागरिकाचे स्थान काय, हा प्रश्न उरतोच.

माहिती मागणारी यंत्रणा : टाटपट्टी बाखल

1 एप्रिल 2020 रोजी इंदूरच्या टाटपट्टी बाखल या मुस्लिमबहुल मोहल्ल्यात कोरोनाबाधितांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध घेण्यास गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. पथकात दोन महिला डॉक्टर होत्या. हे कृत्य लज्जास्पद होते, यात दुमत असू शकत नाही. त्या डॉक्टर पुन्हा त्याच वस्तीत कामावर गेल्या आणि पुढे समाजाच्या वतीने वृत्तपत्रातून जाहीर माफी मागण्यात आली. या दोन्ही गोष्टींचे मोल मोठे आहे.

तथापि निषेधाने विश्लेषण संपत नाही. निरोगी माणसांना उचलून नेले जाते, अशा आशयाच्या अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरत होत्या. देशातील सर्वांत प्रगत मानल्या गेलेल्या शहरांपैकी एका शहरात नागरिकापर्यंत अफवा आधी पोहोचली आणि अधिकृत माहिती मागे राहिली. पथकाजवळ नावांची यादी होती. परंतु यादी कशासाठी, ती कोठे जाईल, पुढे तिचे काय होईल, हे वस्तीला समजेल अशा भाषेत आणि वस्तीच्या ओळखीच्या तोंडून आधी सांगितले गेले असते, तर अफवेला इतकी जागा मिळती ना. जेथे शासनाशी येणारा संबंध मुख्यतः चौकशीचा असतो, तेथे प्रत्येक नोंदवही संशयास्पद वाटू लागते. हा संशय कोणत्याही संगणकप्रणालीने दूर होत नाही.

माहिती देणारा नागरिक : भागीरथपुरा

डिसेंबर 2025 च्या अखेरीस घडलेला प्रसंग याच्या उलट दिशेचा आहे. भागीरथपुरा भागात नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याने अनेकांचा मृत्यू झाला आणि शेकडो लोक आजारी पडले. मृतांच्या संख्येबाबत प्रशासन आणि रहिवासी यांच्यात मतभेद राहिले. एका पोलीस चौकीजवळ, शौचालयाच्या खाली, मुख्य जलवाहिनीस गळती आढळली. पाण्याला दुर्गंधी येत असल्याच्या तक्रारी रहिवाशांनी त्याआधीच केल्या होत्या.

टाटपट्टी बाखलमध्ये यंत्रणा माहिती मागत होती आणि नागरिक द्यायला तयार नव्हता. भागीरथपुऱ्यात नागरिक आपण होऊन माहिती देत होता आणि यंत्रणा वेळेत हलली नाही. येथे कोणी सर्व्हर फोडला नव्हता, कोणी परवलीचा शब्द चोरला नव्हता. तांत्रिक अर्थाने व्यवस्था सुरक्षितच होती; तरीही नागरिकाने सोपविलेली माहिती वाया गेली आणि त्याची किंमत जिवाने मोजावी लागली. यादीतील पहिली सुविधा पाणी आणि सातवी सुविधा सुशासन या दोहोंना सहावीने जोडावे, ही अपेक्षा येथे निष्फळ ठरली.

सुरक्षिततेची बाजू

याचा अर्थ तांत्रिक सुरक्षितता गौण आहे असा नव्हे. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने मे 2016 मध्येच स्मार्ट शहरांसाठी सायबर सुरक्षेची आदर्श चौकट राज्यांना पाठविली होती. तरीही फेब्रुवारी 2021 च्या अखेरीस पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या दोन डझनांहून अधिक सर्व्हरवर हल्ला होऊन माहिती कुलूपबंद करण्यात आली आणि बिटकॉइनच्या रूपात खंडणी मागितली गेली. गुन्हा मार्चमध्ये नोंदविला गेला. एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत केंद्रीय सायबर आपत्कालीन यंत्रणेस कळविणे बंधनकारक झाले.

कायद्याच्या क्षेत्रातही गती मंद राहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे मान्य केले. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये. म्हणजे मिशन संपल्यानंतर त्याच्या काळात गोळा झालेल्या माहितीच्या संरक्षणाचे नियम अस्तित्वात आले. शिवाय या कायद्याने शासकीय यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्राकडे ठेवला. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(1)(ञ) मधून वैयक्तिक माहितीबाबत लोकहित तपासण्याची तरतूदही वगळली. केवळ कलम 8(2) चा सर्वसाधारण मार्ग शिल्लक राहिला. नागरिक यंत्रणेला अधिकाधिक दिसू लागला असताना यंत्रणा मात्र नागरिकाला कमी दिसू लागली.

अनामत

मराठीतील 'अनामत' हा शब्द अरबी 'अमानत' वरून आला आहे. दुसऱ्याने विश्वासाने सोपविलेली वस्तू, असा त्याचा मूळ भाव. इस्लामी नीतिविचारात अमानत सांभाळणाऱ्यावर दोन जबाबदाऱ्या येतात : वस्तू सुरक्षित ठेवणे आणि धन्याने मागताच हिशेबासह परत करणे. स्मार्ट शहरांच्या आराखड्यांत पहिल्या जबाबदारीचा विचार थोडाफार झाला. दुसरीचा जवळजवळ झालाच नाही.

हिशेब देणे म्हणजे काय, हे सोप्या शब्दांत मांडता येते. तक्रार 'निकाली' ठरविण्याचा अधिकार तक्रारदाराकडे असावा. एकाच गल्लीतून त्याच स्वरूपाच्या अनेक तक्रारी आल्यास प्रत्यक्ष तपासणी आपोआप बंधनकारक व्हावी. पाण्याच्या चाचणीचे निष्कर्ष प्रभागनिहाय प्रसिद्ध व्हावेत. घेतलेली माहिती किती काळ ठेवली जाईल, हे वस्तीच्या भाषेत फलकावर लिहावे. यांपैकी एकाही गोष्टीसाठी महागडे तंत्रज्ञान लागत नाही.

निष्कर्ष

इंदूरचे प्रतिमान अपयशी ठरले, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. कचऱ्याच्या बाबतीत नोंद, कृती आणि तपासणी यांची साखळी तेथे जोडली गेली, म्हणूनच ते यश मिळाले. पाण्याच्या बाबतीत ती तुटली. इतर शहरांनी इंदूरकडून घ्यावयाचा धडा या साखळीचा आहे, पडद्याचा नव्हे.

कम्युनिटी कॉलेजच्या अध्यापकांचा याच्याशी थेट संबंध आहे. डेटा एन्ट्री, संगणक देखभाल, कॅमेरा बसविणे यांसारखी कौशल्ये शिकून बाहेर पडणारे विद्यार्थीच उद्या सर्वेक्षणाची यादी घेऊन एखाद्या दारात उभे राहतील किंवा तक्रार 'निकाली' असा शेरा मारतील. आपल्या प्रभागातील एखादी तक्रार नोंदवून तिचा महिनाभर पाठपुरावा करणे, हे त्यांच्यासाठी उत्तम प्रात्यक्षिक ठरेल. पडद्यावरील प्रत्येक नोंदीमागे एक घर आणि एक नळ असतो, हे त्यांना त्यातून स्वतःच्या अनुभवाने कळेल.