मातीविना शेती: फलकावरची आणि वसईतली

वसई-विरारच्या शालेय विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून फिरताना एक प्रकल्प आम्हाला हमखास भेटतो. पीव्हीसीच्या नळीला भोके पाडून त्यांत मेथी किंवा पालक लावलेला असतो, खाली बादली, बादलीत मत्स्यालयाचा छोटा पंप. मागच्या फलकावर मजकूर ठरलेला: 'मातीची गरज नाही. ९० टक्के पाण्याची बचत. भविष्यातील शेती.' मुलांची मेहनत खरी असते, त्यामुळे बक्षीसही बहुधा मिळते. फलकावरची विधाने मात्र कोणी तपासत नाही. ती तपासण्यासाठी हा लेख.

पहिली गोष्ट मेथीची. आठ-दहा दिवसांची हिरवीगार मेथी पाहून पाहुणे खूश होतात. पण बी रुजताना लागणारे अन्न बीजदलांतच साठवलेले असते. नुसत्या पाण्यावरही मेथी तेवढे दिवस छान दिसते. वसईच्या मुलांना हे वेगळे सांगायला नको. वाडीत कोपऱ्यात पडलेला नारळ खत-पाण्यावाचून कोंब काढतो आणि कित्येक महिने स्वतःच्याच खोबऱ्यावर जगतो. तेव्हा बादलीतल्या द्रावणाने काही केले की नाही, हे त्या टेबलावरून कळतच नाही. शेजारी साध्या पाण्याची दुसरी बादली ठेवलेली आम्हाला क्वचितच दिसली.

वास्तविक हा विषय तुलनेतूनच जन्मला. इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्ड यांनी १६९९ मध्ये पुदिन्याची रोपे वेगवेगळ्या पाण्यांत वाढवली, आणि स्वच्छ पाण्यापेक्षा गढूळ पाण्यात ती अधिक जोमाने वाढतात असे त्यांना आढळले. १८६० च्या सुमारास जर्मनीत साक्स आणि क्नोप यांनी ठरावीक क्षारांच्या द्रावणात रोपे वाढवून वनस्पतींना कोणती मूलद्रव्ये लागतात हे शोधले. म्हणजे मातीविना वाढवणे ही मुळात शेतीची नव्हे, तर वनस्पतीला प्रश्न विचारण्याची पद्धत होती. तिची 'शेती' झाली ती कॅलिफोर्नियात, गेरिक यांच्या उंच टोमॅटोंमुळे. त्यांच्याच विद्यापीठातल्या होगलंड आणि अर्नन यांनी १९३८ मध्ये सुपीक माती, वाळू आणि द्रावण यांची तुलना केली आणि द्रावणातले उत्पन्न चांगल्या मातीपेक्षा फारसे सरस नाही, असा निर्वाळा दिला. गंमत अशी, की आज जगभर वापरले जाणारे द्रावण होगलंड यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांचा निष्कर्ष मात्र फलकावर येत नाही.

आता ते ९० टक्के. हा आकडा खोटा नाही, पण तो कुठला आहे? अमेरिकेतील ॲरिझोनासाठी २०१५ मध्ये केलेल्या एका अभ्यासात एक किलो लेट्यूससाठी शेतात सुमारे २५० लिटर, तर हायड्रोपोनिक्समध्ये सुमारे २० लिटर पाणी लागते असा हिशेब आला. त्याच हिशेबात ऊर्जा मात्र किलोमागे ९०,००० किलोज्यूल निघाली. शेतात हीच ऊर्जा सुमारे १,१००. नव्वद हजार किलोज्यूल म्हणजे विजेची २५ युनिटे, एका किलो पाल्यासाठी! त्यातला बराच भाग हरितगृह गरम-थंड ठेवण्याचा आहे, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा आपल्याला लागू नाही. पण मग वाळवंटातला पाण्याचा आकडा तरी जसाच्या तसा का घ्यावा? अभ्यास एकच, त्यातली सोयीची बाजू तेवढी उचलली जाते.

पाण्याबद्दलचा खरा धडा आम्हाला एका गटाने नकळत दिला. द्रावणासाठी पाणी कुठले, असे विचारल्यावर मुले थोडी ओशाळली. घरच्या विहिरीच्या पाण्यावर रोपांच्या पानांच्या कडा करपल्या, म्हणून त्यांनी विकतचा जार आणला होता. आमच्या मते त्या दालनातले हे सर्वात मोलाचे निरीक्षण होते, आणि तेच फलकावर नव्हते. पालेभाजीच्या द्रावणाची विद्युतवाहकता साधारण सव्वा ते दोन मिलिसीमेन्स असावी लागते. किनाऱ्यालगतच्या मचूळ विहिरीचे पाणी क्षार घालण्याआधीच तिथवर पोचलेले असू शकते. तेच पाणी पुनःपुन्हा फिरवले की रोप पाणी शोषते, सोडियम बहुतांशी मागे राहतो आणि बादलीतला खारेपणा वाढत जातो. यावर उपाय म्हणजे द्रावण फेकणे किंवा आरओचे यंत्र बसवणे, आणि यंत्रही बरेचसे पाणी बाहेर टाकतेच. बचतीच्या हिशेबात हे पाणी धरायला नको का?

विहिरी मचूळ का झाल्या, याचे उत्तर वसईत शोधायला लांब जावे लागत नाही. इथल्या केळी, पानवेली, सोनचाफा आणि भाजीच्या वाड्या बावखलांवर आणि विहिरींवर पोसल्या. बावखलात पावसाचे पाणी साठे, जमिनीत मुरे आणि गोड्या पाण्याचा थर समुद्राच्या पाण्याला मागे रेटून धरी. कित्येक बावखले भरणी टाकून बुजवली गेली. टँकरने होणारा उपसा आणि बेसुमार बांधकामे यांविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि इतरांनी हरित वसईची चळवळ उभारली, तीही याच कारणाने. अशा गावात 'मातीची गरज नाही' हे वाक्य निरुपद्रवी राहत नाही. वाडीवर इमारत चढवायला ते फार उपयोगी पडते.

हायड्रोपोनिक्सला आमचा विरोध नाही. गच्चीवर कोथिंबीर, पालक, टोमॅटो जरूर घ्यावेत. भात-डाळ मात्र या नळ्यांतून परवडण्याजोगी येत नाही.

शिक्षकांनी हा प्रकल्प बंद करू नये, मूळ स्वरूपात आणावा. काळ्या कागदात गुंडाळलेल्या चार बाटल्या (उजेड लागला तर शेवाळ माजते) आणि मक्याची सारख्या वाढीची रोपे घ्यावीत. दाण्याचा उरलेला भाग हलक्या हाताने काढून टाकावा. एका बाटलीत पूर्ण द्रावण, दुसरीत नत्राविना, तिसरीत लोहाविना. तीन-चार आठवड्यांत नत्राविना जुनी पाने आधी पिवळी पडतील, लोहाविना नवी. कारण नत्र जुन्या पानांतून नव्यांकडे जाऊ शकते, लोह सहसा जात नाही. चौथ्या बाटलीत पूर्ण द्रावणच, पण घरच्या विहिरीच्या पाण्यात केलेले. फलक त्यानंतर लिहावा.