बेंजो, पेटी आणि आयर्लंडचे वादक

लोकप्रिय संगीताविषयी गंभीरपणे काही लिहावे अशी आपल्याकडे चाल नाही. शास्त्रीय गायनाच्या मैफलीवर रकानेच्या रकाने भरतात; भावगीताला निदान आठवणींचा मान मिळतो; पण मिरवणुकीतून जे संगीत लाखो माणसांच्या कानी पडते, त्याच्या वाट्याला एक तर तक्रार येते, नाही तर पाठीवरची थाप. टीका येत नाही. वस्तुतः टीका म्हणजे केवळ दोष काढणे नव्हे. समोरची गोष्ट तोलण्याजोगी आहे एवढे तरी टीकाकार मान्य करतो. बेंजो पार्टीला आपण तेवढाही मान दिलेला नाही, आणि मीही तो दिला नव्हता.

कांजूरमार्गच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवतो, तेथे दोन वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलाने स्नेहसंमेलनात बेंजो वाजवण्याची परवानगी मागितली. मी ती नाकारली. हे मिरवणुकीतले वाद्य, रंगमंचावर नको, असे माझे म्हणणे. मुलगा जरा घुटमळला आणि म्हणाला, "सर, पेटीवाल्याला तुम्ही घेतलंत. पेटी तरी आपली कुठंय? तुम्हीच सांगितलं होतं ना वर्गात?" मी त्याला गप्प केले, मात्र उत्तर दिले नाही. ते माझ्याजवळ नव्हते.

मुलाचे म्हणणे खरेच होते. पेटी युरोपातून आली. ती परकी आणि आपल्या श्रुतींना न मानवणारी, म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिला बंदी केली, आणि ती बंदी तीसेक वर्षे टिकली. तेवढ्या काळात भजनी मंडळांतून पेटी एक दिवसही हलली नाही. मुंबईचा बेंजो तर नावापुरताच बेंजो. तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवलेले, नखीने छेडण्याचे हे वाद्य म्हणजे बुलबुल तरंग. त्याचा पूर्वज 'ताइशोगोतो' जपानात नागोया येथे १९१२ साली जन्मला. आपल्या चाळीतल्या पोरांनी त्याला वीज जोडली, शेजारी ढोल-ताशे उभे केले आणि त्याला रस्त्यावर आणले.

खरा बेंजो वाजतो तो आयर्लंडमध्ये, आणि उत्तराच्या शोधात मी तिकडे वळलो. तेथे कळले की तो त्यांचाही नव्हे! आफ्रिकेतून गुलाम करून अमेरिकेत नेलेल्या माणसांनी घडवलेले हे वाद्य एकोणिसाव्या शतकात समुद्र ओलांडून आयर्लंडला पोचले. १९६२ साली डब्लिनच्या एका मद्यगृहात जमलेल्या मंडळींतून 'द डब्लिनर्स' हा संच उभा राहिला. त्यातील बार्नी मक्केना याने फिडलच्या खालच्या सप्तकात बेंजो जुळवून असा वाजवला, की आज त्यावाचून आयरिश बैठक अपुरी वाटते. 'प्लँक्स्टी' या १९७२ च्या संचाने ग्रीकांचा बुझुकी असाच घरचा केला. तेव्हा वाद्याची जात विचारणे व्यर्थ; ते कोणाची चाल वाजवते हे विचारावे.

फार काय, संच ही कल्पनाही त्या देशात तशी अलीकडची. तेथील परंपरेचा गाभा एकट्याच्या वादनाचा, किंवा सर्वांनी एकच चाल एकसाथ वाजवण्याचा. शॉन ओ रिआडा या संगीतकाराने १९६० च्या सुमारास पारंपरिक वादकांना एकत्र बसवून निरनिराळ्या वाद्यांना निरनिराळी कामे नेमून दिली. त्याच संचातल्या पॅडी मोलोनीने १९६२ साली 'द चीफ्टन्स' काढला आणि स्वयंपाकघरातले नाच थेट चीनच्या भिंतीपर्यंत नेले. आपल्याकडे शाहीर साबळे यांनी 'महाराष्ट्राची लोकधारा'मध्ये केले ते याच जातीचे काम. अंगणातले मंचावर आले की ते थोडे नटते, थोडे आखीव होते. मला दोन्हींत हा आखीवपणा जाणवतो. परंतु तो नसता, तर शहरात जन्मलेल्या माझ्यासारख्याच्या कानी वासुदेव आणि गोंधळी कितीसे पडले असते?

एकाच गाण्याची दोन रूपे पाहावीत. 'व्हिस्की इन द जार' हे वाटमाऱ्याचे जुने लोकगीत डब्लिनर्सनी १९६७ साली ध्वनिमुद्रित केले, ते टाळी देत, सर्वांनी मिळून म्हणायचे म्हणून. १९७२ साली 'थिन लिझी'च्या फिल लायनटने तेच विजेच्या गिटारींवर घेतले, आणि घोळक्यातले गाणे एका फसवल्या गेलेल्या माणसाचे झाले. आवाज वाढला, पण आशय उणावला नाही. उलट त्याला नवी धार आली. विजेने लोकसंगीत बाटते असे मानणाऱ्यांनी ही दोन ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकावीत.

भाषेचेही तसेच. डोनेगलच्या आयरिशभाषक भागातील एका घरातल्या भावंडांनी मामांच्या साथीने 'क्लॅनाड' हा संच काढला. १९८२ साली दूरचित्रवाणी मालिकेसाठी त्यांनी केलेले गीत आयरिश भाषेत होते, आणि ते ब्रिटनच्या लोकप्रियांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोचले. मालवणीत बोलायला शाळेत लाजणारी मुले मी रोज पाहतो, म्हणून ही घटना मला केवळ संगीताची वाटत नाही.

उलट बाजूही आहे. 'वेस्टलाइफ'ची चौदा गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. गळे गोड, मेळ चोख. पण नाव झाकले तर ही गाणी कोणत्या गावची, हे सांगता येणार नाही. 'यू टू'मध्येही लोकवाद्ये फारशी नाहीत. तथापि १९७२ साली डेरीत नि:शस्त्र मोर्चेकऱ्यांवर झालेल्या गोळीबाराची सल त्यांनी १९८३ च्या गाण्यात आणली, आणि ती गाठ सुटत नाही. १५ डिसेंबर २०१९ रोजी हा संच आमच्या खाडीपलीकडे नेरूळच्या मैदानावर वाजवून गेला. 'द क्रॅनबेरीज'चे १९९४ चे 'झाँबी' हे गाणे आदल्या वर्षी बाँबस्फोटात मेलेल्या दोन मुलांसाठी आहे. चाल जुनी असो वा नसो, गाणे कोणाच्या तरी दु:खाशी बांधलेले असले म्हणजे त्याला गाव मिळते.

या साऱ्यांत आमच्या बेंजोवाल्यांचा सख्खा भाऊ म्हणजे 'द पोग्ज'. हा संच आयर्लंडमध्ये नव्हे, लंडनमध्ये १९८२ साली निघाला. त्याचा गीतकार-गायक शेन मॅकगोवन हा पोटासाठी गाव सोडलेल्यांचा मुलगा. आईबापांच्या चाली त्याने शहरी पोरांच्या धसमुसळ्या वेगात वाजवल्या, आणि परंपरेच्या कैवाऱ्यांनी नाके मुरडली. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आलेल्यांच्या नातवंडांनी लालबहादुर शास्त्री मार्गावर बेंजो वाजवावा आणि मास्तरांनी कानांवर हात ठेवावेत, यात निराळे ते काय?

एक गोष्ट मात्र निराळी आहे, आणि ती सांगितल्यावाचून हे लिखाण वकिली ठरेल. मॅकगोवनने त्या चालींवर आपल्या माणसांची बेकारी, दारू आणि घरची ओढ स्वत:च्या शब्दांत मांडली. बेंजो पार्टी सिनेमाची गाणी वाजवते, कोळीगीते वाजवते; तिची लय पक्की, वळणे चपळ, एका चालीतून दुसरीत जाण्याची हातोटी विलक्षण; पण स्वत:ची रचना तिच्याजवळ क्वचितच असते. मुंबईला हे अशक्य होते असेही नाही. १९४४ साली निघालेल्या लाल बावटा कलापथकात अमर शेख, द. ना. गव्हाणकर आणि अण्णा भाऊ साठे होते. अण्णा भाऊंच्या 'माझी मैना' या छक्कडीत गावी राहिलेली बायको आणि मुंबईचा लढा एकाच ठेक्यावर आले. ती वाट पुढे बेंजोपर्यंत पोचली नाही. २०१६ साली 'बेंजो' नावाचा हिंदी चित्रपट निघाला. पण खुद्द वादकांची गोष्ट त्यांच्या वाद्यातून अजून यायची आहे. आता तर ध्वनिक्षेपकांच्या भिंती रचून वादकावाचून मिरवणुका निघतात. स्वत:चे म्हणून काही जवळ नसलेल्याला यंत्राने हटवणे फार सोपे असते.

यंदा तो मुलगा नववीत आहे. स्नेहसंमेलनासाठी मीच त्याला बोलावले आणि एक अट घातली: सिनेमाचे नको, घरातले काही आण. आठवडाभराने त्याने आजीला विचारून बाल्या नाचाची एक चाल आणली. कळा अडखळत होत्या, दोन जागी सूर चुकला. मी तसे त्याला सांगितले. दोन वर्षांपूर्वी हेच करायला हवे होते. परवानगी नाकारण्याआधी ऐकायला हवे होते.