बालमासिकांचा संग्रह : एक आक्षेप

जुन्या बालमासिकांच्या संग्रहात कोरी प्रत श्रेष्ठ मानण्याची प्रथा आम्हांस सदोष वाटते. वा. गो. आपटे यांचे ‘आनंद’ (१९०६) असो वा बालभारतीचे ‘किशोर’ (१९७१), निष्कलंक प्रतीवरून मुद्रणाची कल्पना येते, हे मान्य. वाचनाची येत नाही. सोलापुरात घरी तेलुगू वा कन्नड बोलणारी अनेक मुले मराठी वाचत आली. अशा मुलाने कठीण शब्दावर पेन्सिलीने मायबोलीत लिहिलेला अर्थ हा संग्राहकाच्या लेखी डाग, अभ्यासकाच्या लेखी पुरावा होय. ‘किशोर’चे जुने अंक आता संगणकावर वाचावयास मिळतात; मजकुराची चिंता त्यामुळे उरली नाही. म्हणूनच रद्दीतील हाताळलेल्या प्रतीचा अव्हेर होऊ नये. मराठी बालवाचकाचा इतिहास तिच्याच समासांत आहे.