संग्रहालयातील नोंदींची भाषा

मानवशास्त्रीय संग्रहांचा संशोधनासाठी उपयोग करू इच्छिणाऱ्या अभ्यासकास प्रथम परवानगीचा प्रश्न भेडसावतो. पत्रव्यवहार, शिफारसपत्र, भेटीची नियत वेळ, वस्तू हाताळण्याचे निर्बंध या अडचणी खऱ्या आहेत. परंतु चिकाटीने त्या दूर होतात. त्याहून बिकट अडचण खुद्द नोंदवहीत असते. कोठारात मनास येईल तसे हिंडता येत नाही. नोंद पाहून वस्तू मागवावी लागते. ज्या शब्दाखाली वस्तू नोंदली गेली तो शब्द अभ्यासकास ठाऊक नसेल, तर परवानगी असूनही ती वस्तू त्याच्यापुरती नाहीशीच होते.

ऑक्सफर्ड येथील पिट रिव्हर्स संग्रहालय हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण आहे. जनरल पिट रिव्हर्स यांच्या वीस हजारांहून अधिक वस्तूंच्या देणगीतून ते १८८४ साली स्थापन झाले. तेथील मांडणी मुख्यत्वे प्रदेशानुसार नसून वस्तुप्रकारानुसार आहे. शस्त्रांजवळ शस्त्रे, वाद्यांजवळ वाद्ये. तुलनेस ही पद्धत उपकारक आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु प्रकार कोणता हे प्रथम ठरवतो तो नोंद करणारा. वस्तू घडवणाऱ्याचे वर्गीकरण तेथे विचारातच येत नाही.

अमेरिकेतील अशाच मांडणीवर फ्रान्झ बोआस यांनी १८८७ साली ओटिस मेसन यांच्याशी वाद घातला. वस्तूचा अर्थ तिच्या समाजजीवनापासून तोडल्यास उरत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. दोनच वर्षांनी, १८८९ साली, त्यांनी ध्वनिश्रवणावर निबंध लिहिला. परभाषेतील ध्वनी अस्थिर नसतात. ऐकणारा ते आपल्या भाषेच्या सवयीने निरनिराळे ऐकतो, हे त्यांनी एस्किमो शब्दांच्या स्वतःच्याच टिपणांवरून दाखवले. हे दोन लेख एकत्र वाचले पाहिजेत, असे आम्हांस वाटते. नोंद करणाराही एक श्रोताच असतो, आणि त्याची श्रवणसवय नोंदीत उतरते.

या संग्रहालयातील नागा वस्तूंपैकी पुष्कळशा जे. एच. हटन व जे. पी. मिल्स या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी जमवल्या. दोघेही नागा जीवनाचे साक्षेपी अभ्यासक होते. तरीही नागांचे पाते त्या काळच्या लेखनात बहुधा 'दाओ' या नावाने येते, आणि तो शब्द आसामी वळणाचा आहे. आओ, अंगामी, ल्होटा यांच्या भाषा वेगवेगळ्या असता एकच परका शब्द सर्वांच्या पात्यांना व्यापतो. हटन यांच्या १९२१ सालच्या ग्रंथाच्या नावात ज्यांना 'सेमा' म्हटले आहे, ते लोक आज स्वतःस 'सुमी' म्हणवतात. आजोबांच्या हातची वस्तू शोधणाऱ्या सुमी तरुणास हा जुना शब्द माहीत असावा लागतो.

यात बिघडते काय, हे आपल्याच भाषेवरून ध्यानात येईल. विळा, विळी, कोयता, खुरपे यांची नोंद कोणी 'कापण्याचे हत्यार' एवढीच केली, तर ती खोटी ठरणार नाही. परंतु गवत कापणे, भाजी चिरणे, ऊस तोडणे आणि तण काढणे यांतील भेद, आणि ही कामे कोणाच्या वाट्यास येतात हे ज्ञान, त्या नोंदीतून हरपेल.

यावर जुने शब्द खोडून नवे घालावेत, हा उपाय आम्हांस मान्य नाही. जुना शब्द हाही पुरावा आहे. वस्तू कोणाच्या मध्यस्थीने आली हे तो सांगतो. तो राखून त्याच्याशेजारी मूळ भाषेतील नाव द्यावे, आणि ते कोणाकडून, कोणत्या गावी, कोणत्या साली मिळाले हेही नमूद करावे. हे काम संग्रहपालास एकट्याने साधणारे नव्हे; त्यास त्या भाषेचे बोलणारे हवेत, आणि भाषाशास्त्रज्ञही हवेत.

२०२० साली या संग्रहालयाने मानवी अवशेष प्रदर्शनातून काढले. त्यांत नागांचे अवशेषही होते. ते परत करण्याविषयी नागा प्रतिनिधींशी विचारविनिमय सुरू झाला. अशा वेळी जुन्या नोंदीतील एखादे ग्रामनाम वा जमातनाम केवळ अभ्यासाचा विषय राहत नाही. अवशेष कोणत्या गावी न्यावयाचे, याचा निर्णय त्यावर अवलंबून असतो. आपल्या विद्यार्थ्यांनी संग्रहालयात जाण्यापूर्वी नोंदवही वाचावयास शिकावे ते यासाठी: ती केवळ वस्तूंची यादी नव्हे, कोणीतरी कोणाचे तरी ऐकून लिहिलेली संहिता आहे.